गल्फमधनं कायमचं घरी येताय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

आमचं ऑफिस रत्नागिरीत आहे, छोटंच आहे, टॅक्स रिटर्न आणि बँकेची कागदपत्रं हेच काम. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूणकडची बरीच माणसं दुबई, शारजा, कुवेत, मस्कतला आहेत आणि त्यांची कामं आमच्याकडे असतात. दरवेळी एकच होतं, माणूस सामान घेऊन घरी येतो, दोन-तीन महिने पाहुण्यारावळ्यांत आणि घराच्या डागडुजीत जातात, मग आमच्याकडे येतो आणि जे तिथं असतानाच करायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं. आम्हाला खरंच वाईट वाटतं, पैसा घाम गाळून मिळवलेला असतो. म्हणून हे लिहून देतोय.

आधी तारीख. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यात भारतात १८२ दिवस भरले की टॅक्ससाठी तुम्ही त्या वर्षी रहिवासी. आता समजा तुम्ही मे महिन्यात लग्नाला ३० दिवस येऊन गेलात आणि १५ ऑक्टोबरला कायमचे आलात, तर ऑक्टोबर ते मार्च १६८ दिवस आणि मेचे ३०, झाले १९८. मेचे दिवस कोणी धरतच नाही! तेच नोव्हेंबरच्या मध्यावर आला असतात तर आकडा १८२च्या आत राहिला असता. ज्यांचं येणंजाणं जास्त आहे, म्हणजे मागच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस इकडे झालेत, त्यांना ६० दिवसांचा वेगळा नियम लागू शकतो, त्यांनी आधी पासपोर्ट दाखवून जा.

याने फरक काय पडतो तर बरीच वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला परत आल्यावर साधारण २ वर्षं आरएनओआर, म्हणजे रहिवासी पण अजून पूर्ण रहिवासी नाही, असा दर्जा मिळतो, त्या काळात तिकडच्या एफडीचं व्याज किंवा तिकडच्या फ्लॅटचं भाडं तिकडेच जमा होत असेल तर त्यावर इथे टॅक्स नाही. वरच्या उदाहरणात त्या २ वर्षांतलं एक वर्ष अर्ध्या वर्षासाठीच खर्ची पडलं. तिकडे काहीच ठेवणार नसाल तर मात्र तारखेचं फार टेन्शन घेऊ नका. आणि हा आरएनओआरचा काळ संपल्यावर तिकडचं खातं, फ्लॅट सगळं रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. खातं ठेवायला कायद्याने हरकत नाही, लपवायला आहे.

बँकेचं गणित मात्र वेगळं, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. टॅक्सवाले दिवस मोजतात, बँकेला लागणारा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, तुमचा इरादा बघतो. कायमचे आलात की एनआरई खातं, म्हणजे तिकडची कमाई इथे रुपयांत ठेवायचं एनआरआयचं खातं, रेसिडेंट करून घ्यायचं, १८२ दिवस थांबायचं नाही, आणि तिथनं पुढे त्या व्याजावर टॅक्स. एफसीएनआर, म्हणजे एनआरआयची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते, नंतर ते पैसे परकीय चलनातच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं खातं उघडता येतं, आरएनओआर असेपर्यंत दोन्हीचं व्याज माफ.

तिथनं निघताना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, हातात घेऊनच निघा. यूएईत पहिल्या ५ वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा बेसिक पगार असा हिशोब आहे, तो स्वतः करून बघा, बेसिक धरायचा, पूर्ण पगार नाही. लोन, क्रेडिट कार्ड बंद केल्याचं बँकेचं पत्र घ्या. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर अटेस्टेशनचे, म्हणजे दाखला खरा असल्याचे सरकारी शिक्के तिथेच मारून घ्या, इथे बसून ते करणं फार जड जातं, आणि तोवर ॲडमिशन अडकते.

अजून एक, कारण विचारतात सगळेच, कलमांची बाग घ्यायची आहे म्हणून. एनआरआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते. परत आल्यावरही महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला लागता. वडील गेलेत आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या, म्हणजे शेतकरी म्हणून तुमचं नाव लागेल, तलाठ्याकडे सुट्टीतच एक चक्कर मारा, आणि ती होईपर्यंत कोणालाही बयाणा देऊ नका.

आमच्याकडे येताना जुने-नवे सगळे पासपोर्ट आणा. आता बऱ्याच एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या मशीनवाल्या गेटमधनं जाताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे तिकिटं, बोर्डिंग पास जपून ठेवा, दिवस त्यावरनंच मोजतो. दिवस मोजून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही, तिथनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत तरी चालेल, फक्त तिकीट काढायच्या आधी पाठवा.