राजवाड्यावर थरथरते की घाटात धापा टाकते?

गाडीचा दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे निदान नव्हे, नुसती तक्रार. पी ०१७१ एवढंच सांगतो, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलणारे इथेच फसतात. सेन्सर बिचारा बहुधा खरंच बोलत असतो. जास्तीची हवा शिरतेय की पेट्रोलच कमी येतंय, हे आपण शोधायचं. त्यासाठी आधी एक प्रश्न: त्रास इंदूरच्या राजवाड्याच्या कोंडीत उभ्या गाडीला होतो, की महेश्वरहून परतताना मानपूरच्या घाटात?

एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखायला इंजिनचा संगणक पेट्रोल सतत कमी-जास्त करतो. त्या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात साधा ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) अडॅप्टर लावला की ती मोबाइलवर दिसते. इंजिन नीट गरम झाल्यावर शॉर्ट (या क्षणाची) आणि लाँग (सवयीची झालेली) ट्रिमची बेरीज करा. अधिक म्हणजे संगणक पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. अधिक-उणे ५ पर्यंत झोप उडवून घेऊ नका. अधिक १० च्या वर मात्र कारण शोधाच. (जुन्या गाडीत ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, भरलं की आकडा थोडा चढतोच, कारण इथेनॉल जाळायला हवा कमी लागते.)

समजा, आयडलला (गाडी उभी, पेडल सोडलेलं) बेरीज अधिक १८ आहे आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर (आरपीएम) नेलं की अधिक ४. ही हवागळती. भोक तेवढंच राहतं, पण इंजिन भरपूर हवा ओढू लागलं की चोरट्या हवेचा वाटा किरकोळ होतो. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा. हे गणित एअरफ्लो सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या, गाड्यांचं. ज्या छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथे गळतीने बहुधा आयडलचा वेगच चढतो.

उलट, आयडलला सगळं ठीक आणि चढावर ट्रिम वाढत गेला, तर तुंबलेला फ्युएल फिल्टर, थकलेला पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. हा आकडा एकसारख्या वेगात, शेजारच्याला वाचायला सांगून घ्या. पेडल पूर्ण दाबलेलं असताना तो बघण्यात अर्थ नसतो, तेव्हा संगणक ही दुरुस्ती सहसा थांबवतो.

मिसिंगची (एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटण्याची) गोष्ट सोपी. पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्याला लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी ०३०३ आला तर कॉइल गेली. नाही आला तर प्लगची, मग इंजेक्टरची अशीच अदलाबदल करा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याचा निकाल लागतो.

एवढं करूनही तोच सिलिंडर रुसला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजून घ्या. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. कमी भरणाऱ्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं आणि दाब चढला, तर रिंगा झिजल्यात. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.