प्रॉव्हिडंट फंड, मुंबईतल्या नोकरदारांचा

पगारातून दर महिन्याला कापला जाणारा आणि नोकरी संपल्यावर व्याजासकट परत मिळणारा पैसा म्हणजे पीएफ. सॅलरी स्लिप बघणाऱ्या कुणालाही एवढं माहीत असतं.

सुरुवात कधीची धरायची यावर मात्र एकमत नाही. काही जण १९२० कडे बोट दाखवतात, तेव्हा टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कामगारांसाठी फंड सुरू झाला, आणि टाटा म्हटलं की श्रेय मुंबईकडे ओढायचा मोह होतोच, पण तो एका कंपनीपुरता फंड होता. दुसरे १९२५ चा प्रॉव्हिडंट फंड कायदा धरतात, तो मुख्यतः सरकारी, रेल्वे आणि स्थानिक संस्थांच्या फंडांसाठी, गिरणी कामगाराला त्याचा उपयोग शून्य. १९२९ ला नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने अशा फंडाची गरज मांडली, १९४८ च्या इंडियन लेबर कॉन्फरन्समध्ये कायद्याने फंड आणायला साधारण होकार मिळाला, मग १५ नोव्हेंबर १९५१ चा वटहुकूम, ४ मार्च १९५२ चा कायदा आणि टप्प्याटप्प्याने लागू होत १ नोव्हेंबर १९५२ ला पूर्ण अमलात आलेली योजना. ही योजना चालवणारी सरकारी संस्था ईपीएफओ १ नोव्हेंबरलाच स्थापना दिवस पाळते, तीच तारीख धरलेली बरी. पहिल्या सहा उद्योगांत कापड होतं, म्हणून गिरणगाव सुरुवातीलाच आत आलं. खलाशांना १९६६ चा वेगळा कायदा आहे, त्यांच्या फंडाचं ऑफिसही मुंबईतच, आणि माथाडींचं १९६९ च्या कायद्याखालच्या मंडळांकडून चालतं.

आता हिशोब, कारण घोळ इथेच होतो. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, ३०,००० आहे, तुम्ही पेन्शन योजनेत आहात आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरते. तुमचे १२ टक्के म्हणजे ३,६०० कापले जातात, कंपनीही ३,६०० घालते, पण कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, १५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के धरून (ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची, त्याआधी ६,५०० होती), आणि उरलेले २,३५० तुमच्या पीएफमध्ये. पासबुकात पेन्शनचा कॉलम वेगळा दिसतो, त्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे तिथली रक्कम शिल्लक समजून बेरीज करू नये. पेन्शन सूत्राने ठरते, पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. म्हणजे १५,००० वर दहा वर्षांची महिन्याला २,१४२ च्या आसपास, आणि दहा वर्षांच्या आत सेवा असेल तर मासिक पेन्शन नाहीच.

व्याजदर १९५२-५३ मध्ये ३ टक्के होता, १९८९-९० पासून दहाएक वर्षं १२ टक्के, २०२१-२२ ला ८.१, आणि २०२३-२४ ला ८.२५.

पीएफ कमी भरावा लागावा म्हणून बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकी पगार अलाउन्समध्ये दाखवायची पद्धत जुनीच. सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं की सगळ्यांना सरसकट दिले जाणारे अलाउन्स पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचे. घरभाडे भत्ता १९५२ च्या कायद्यानेच बाहेर ठेवला होता, आणि मुंबईत तो मोठा असतो, हे वेगळं सांगायला नको.

अंधेरीतून पवईला, पवईतून बीकेसीला असे जॉब बदलणारे दर वेळी पीएफ काढून टाकतात, ते शक्यतो टाळावं. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो, ट्रान्सफर केला तर मागची वर्षं धरली जातात. यूएएन (पीएफचा कायमचा ओळख नंबर) आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, नंबर एकच राहतो, पण जुनी खाती आपोआप एकत्र झालीत असं गृहीत धरू नका. क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा नावावरून. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि कंपनीच्या जुन्या रेकॉर्डला आडनाव आधी, किंवा लग्नानंतर आधार बदललं आणि यूएएनला माहेरचंच राहिलं. हे, जन्मतारीख, जुन्या कंपनीने भरलेली नोकरी सोडल्याची तारीख आणि नॉमिनेशन, नोकरीत असतानाच तपासावं, कारण दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते आणि बंद पडलेल्या कंपनीत ती द्यायला कुणी नसतं. मग वांद्रे पूर्वेच्या भविष्य निधी भवनात किंवा आपल्या कंपनीचा कोड ज्या ऑफिसचा असेल तिथे कागद घेऊन जावं लागतं.

जास्त टाकायचं असेल तर व्हीपीएफ, म्हणजे स्वतःहून भरायचा जादा पीएफ, आहे, पण १ एप्रिल २०२१ पासून स्वतः वर्षाला भरलेल्या रकमेतल्या अडीच लाखांवरच्या भागाचं व्याज टॅक्सेबल झालं, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये ८०सी, म्हणजे अशा बचतीवरची टॅक्स सवलत, मिळत नाही.