लेझर शाई जाळत नाही हो, ढकलतो

वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे लेझरने चांदीची पेस्ट (सर्किटच्या रेषा छापायची, करंट वाहून नेणारी शाई) छापायचा विषय काढा, उत्तर ठरलेलं: "लेझर म्हणजे जाळणार, काळं पडणार, त्यातून करंट काय डोंबल जाणार?" हे लेझर मार्किंग मशीन बघून झालेलं मत आहे, तिथे खरंच पृष्ठभाग जळतो किंवा कोरला जातो. ऑफिसातल्या प्रिंटरबद्दलही तोच समज, पण तिथे लेझर फक्त ड्रमवर चार्जचं चित्र काढतो, कागद गरम लागतो तो फ्युजरमुळे, म्हणजे टोनर वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या गरम रोलरमुळे.

चांदीच्या पेस्टची गंमत वेगळीच आहे. पारदर्शक काचेला किंवा फिल्मला खालून शाईचा पातळ थर लावतात, वरून लेझरचा अगदी क्षणभराचा पल्स मारतात, तेवढ्याच जागी किंचित वाफ होऊन बुडबुडा फुगतो नि तो शाईचा थेंब खालच्या वस्तूवर ढकलतो, आजूबाजूची शाई जागच्या जागी. १९८६ साली अमेरिकेत असंच तांबं लेझरने एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर नेलं होतं, म्हणजे हे कालपरवाचं खूळ नाही.

नोझलच नाही, त्यामुळे इंकजेटला चोक करणारी घट्ट पेस्टही चालते. स्क्रीन प्रिंटिंगसारखं जाळीच्या स्क्रीनवर प्रकाशाने डिझाइन उठवा (एक्स्पोज करा), जाळी (मेश) धुवा हा उपद्व्याप नाही, डिझाइन बदललं की फाइल बदलायची बस्स. काचेवरची नक्षीसुद्धा अशी छापता येते.

करंटचं म्हणाल तर छापल्यावर पेस्ट ओव्हनमध्ये तापवावी लागते, पण ते स्क्रीनने छापलं तरी करावंच लागतं ना! बाकी हजारो एकसारखे कीपॅड काढायचे असतील तर स्क्रीनच स्वस्त पडते, त्यात वाद नाही.