आठव्या हेन्रीचं पहिलं लग्न रद्द का झालं

इंग्लंडचा ट्यूडर राजा आठवा हेन्री (१४९१–१५४७) आणि त्याची पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉन यांचं लग्न ११ जून १५०९ ला ग्रीनिचला लागलं, आणि २३ मे १५३३ ला डन्स्टेबलला भरलेल्या चर्चच्या कोर्टाने निकाल दिला की हे लग्न मुळात वैध नव्हतंच. सगळे याला घटस्फोट म्हणतात, पण तो घटस्फोट नाही. रीतसर लागलेलं लग्न दोघंही जिवंत असताना मोडायची सोय त्या काळच्या कॅथलिक कायद्यात नव्हती, फक्त ते लागलंच नव्हतं एवढं सिद्ध करता यायचं. म्हणजे जवळजवळ २४ वर्षांनी राजाला हे सिद्ध करायचं होतं की आपण या बाईचा नवरा कधी नव्हतोच.

यात मुद्दा मिळाला तो नात्याचा, कारण कॅथरिन आधी हेन्रीची वहिनी होती. स्पेनच्या फर्डिनांड आणि इसाबेलाची ही धाकटी मुलगी, १४ नोव्हेंबर १५०१ ला लंडनच्या सेंट पॉल्समध्ये हेन्रीचा मोठा भाऊ आर्थर याच्याशी तिचं लग्न झालं, तो १५ वर्षांचा, ती १६ ला टेकलेली, आणि पाच महिने व्हायच्या आत, २ एप्रिल १५०२ ला, आर्थर लडलोला वारला. स्पेनची सोयरीक हातची जाऊ द्यायची नव्हती, हुंडाही अर्धा आलेला होता, मग तिला धाकट्या दिराला द्यायचं ठरलं. दीर-भावजयीच्या लग्नाला चर्चची बंदी, म्हणून पोप दुसरा ज्युलियस याच्याकडून खास परवानगी काढली. अशी परवानगी काही आक्रीत नव्हतं. कॅथरिनचा मेहुणा, पोर्तुगालचा राजा मॅन्युएल (ज्याच्या राजवटीत १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हातात गेला तोच), त्याने कॅथरिनची एक बहीण वारल्यावर दुसरीशी लग्न केलं होतं, तेही पोपच्या परवानगीनेच, आणि त्याला पोरंबाळंही भरपूर झाली.

इथे खरी गोम आहे. हेन्रीला पोरं जगेनात. कॅथरिन निदान सहा वेळा गरोदर राहिली. १ जानेवारी १५११ ला मुलगा झाला, राज्यभर आनंदीआनंद झाला, आणि ५२ दिवसांत तो गेला. जगली ती एकच मुलगी, १५१६ ची मेरी. १५१८ नंतर कॅथरिनला दिवस गेले नाहीत. ट्यूडर घराणं १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईतून गादीवर आलेलं, त्यामुळे वारसाचा प्रश्न म्हणजे थेट यादवीची भीती, आणि इंग्लंडमध्ये बाईने स्वतःच्या हक्काने राज्य करायचा एकच मोठा प्रयत्न झाला होता, बाराव्या शतकात मटिल्डाचा, त्यात वर्षानुवर्षं लढाया झाल्या होत्या. कॅथरिनमध्ये राज्य चालवायची कुवत नव्हती असं मात्र अजिबात नाही, १५१३ मध्ये हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवर असताना कारभार तिच्याकडे होता आणि फ्लॉडनला स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स मारला गेला तो तेव्हाच.

हेन्री धर्मशास्त्र वाचणारा माणूस. बायबलच्या लेवीय पुस्तकात त्याला वाक्य सापडलं की भावाची बायको केली तर ती दोघं निःसंतान राहतील. आता मेरी तर डोळ्यांसमोर होती, मग निःसंतान कसं? तर त्याच्या विद्वानांनी सांगितलं की मूळ हिब्रूत अर्थ मुलगा नसणं असा आहे. मराठी माणसाला ही कसरत लगेच कळते, आपला ‘निपुत्रिक’ शब्द घ्या, म्हटलं तर मूलबाळ नाही, म्हटलं तर फक्त मुलगा नाही. पण त्याच बायबलमध्ये अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलंय की भाऊ मुलगा न होता मेला तर त्याची विधवा दिराने करावी! मग हा नियम फक्त ज्यूंसाठी होता असा युक्तिवाद आला, आणि पुढे १५३० मध्ये युरोपातल्या विद्यापीठांकडून मतं मागवली गेली.

अ‍ॅन बोलिनमुळे लग्न मोडलं ही गोष्ट लोकांना जास्त आवडते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. १५२७ पर्यंत राजा कॅथरिनच्याच सेवेतल्या या बाईत पुरता गुंतला होता आणि ती रखेल म्हणून राहायला तयार नव्हती हे खरं, पण रखेलीपासून झालेला मुलगा त्याला होताच (हेन्री फिट्झरॉय, १५१९ चा), त्याला हवा होता औरस वारस. गंमत म्हणजे अ‍ॅनची बहीण मेरी बोलिन आधी हेन्रीबरोबर होती, म्हणजे अ‍ॅनशी लग्नालाही तसल्याच नात्याची अडचण, आणि त्यासाठी त्याने त्याच पोपकडे परवानगी मागितली! एका हाताने म्हणायचं की पोपला असली परवानगी द्यायचा अधिकार नाही, दुसऱ्या हाताने तीच मागायची.

कॅथरिनचं उत्तर साधं होतं: आर्थरशी माझे शरीरसंबंध आलेच नाहीत, त्यामुळे नातं जडलंच नाही. ज्युलियसच्या परवानगीपत्रात मात्र ते लग्न ‘कदाचित’ पूर्ण झालं असेल, म्हणजे संबंध आले असतील, असं मोघम लिहिलेलं. हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी याला यातच एक बारीक टेक्निकल पॉइंट दिसला होता. संबंध आले नसतील तरी जाहीर लग्न झाल्यामुळे वेगळी अडचण उभी राहते आणि तिची माफी पत्रात नाही. माझ्या मते कोर्टात टिकेल असा हाच मुद्दा होता, पण हेन्रीला लेवीयच हवं होतं. २१ जून १५२९ ला लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये कॅथरिनने भर कोर्टात राजासमोर गुडघे टेकले, मी तुमच्याकडे आले तेव्हा कुमारी होते हे तुम्हालाच माहीत आहे असं सांगितलं, आणि हाका मारत असतानाही निघून गेली. हेन्री त्यावर गप्प राहिला.

एरवी रोमने राजांना अशा बाबतीत बरंच सांभाळून घेतलं होतं, फ्रान्सच्या बाराव्या लुईचं लग्न १४९८ मध्ये रद्द करून दिलं होतं आणि हेन्रीच्या सख्ख्या बहिणीचं, मार्गरेटचं, तर याच १५२७ मध्ये. पण ६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं, पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला, आणि हा चार्ल्स कॅथरिनचा सख्खा भाचा! भाच्याच्या मुठीत असताना मावशीविरुद्ध निकाल कोण देणार? क्लेमेंटने वेळ काढला, केस रोमला नेली, इकडे वुल्झीचं पद गेलं.

शेवटी हेन्रीने कोर्टच बदललं. जानेवारी १५३३ मध्ये गरोदर अ‍ॅनशी गुपचूप लग्न, मग रोमकडे अपील करायला बंदी घालणारा कायदा, आणि नवा आर्चबिशप थॉमस क्रॅनमर याच्याकडून डन्स्टेबलचा निकाल. पोपने १५३४ मध्ये लग्न वैध ठरवलं, तोवर उशीर झाला होता, त्याच वर्षी हेन्री इंग्लिश चर्चचा प्रमुख झाला.

कॅथरिनने निकाल मानला नाही. ७ जानेवारी १५३६ ला ती किंबोल्टनला वारली आणि तिला पीटरबरोला पुरलं ते राणी म्हणून नाही, आर्थरची विधवा म्हणून. १५५३ मध्ये मेरी गादीवर आली, आणि तिच्या पहिल्याच पार्लमेंटने आईवडिलांचं लग्न कायदेशीर होतं असं जाहीर केलं.