संकल्प सोडताना

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे गुढी उभी राहिली की वडील ताम्हण पुढे ओढतात. उजव्या तळव्यावर पळीभर पाणी, त्यात चार अक्षता, आणि मग ओळखीच्या चालीत सुरुवात होते. भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके... पुढे संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग स्वतःचं गोत्र आणि नाव. सगळ्यात शेवटी, आपण काय करणार आहोत ते. तेवढं म्हणून झालं की बोटांवरून पाणी ताम्हणात सोडायचं.

लहानपणी माझं सगळं लक्ष साखरगाठीकडे असायचं आणि ही यादी संपता संपत नाही असं वाटायचं. आता ती ऐकताना मी थबकते. कोण, कुठे, केव्हा आणि काय, हे चारही प्रश्न त्या एका वाक्यात सुटलेले असतात. वर्षाच्या सुरुवातीला आपण मनात जे संकल्प करतो, त्यांत यातलं फक्त ‘काय’ असतं. ‘या वर्षी व्यायाम करायचा.’ कुठे, किती वाजता, कशानंतर, याचा पत्ता नसतो.

पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच फरकाचा अभ्यास केला. ‘मी व्यायाम करीन’ ही झाली इच्छा. ‘सकाळचा चहा पिऊन कप विसळला की मी चपला घालून खाली उतरीन’ ही झाली योजना. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधी ठरवून ठेवलेली माणसं नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त वेळा काम तडीस नेत होती. कारण साधं आहे. प्रसंग आणि कृती यांची गाठ स्मरणात आधीच मारलेली असते. कप विसळताना ‘जाऊ की नको’ हा वाद मनात नव्याने घालावा लागत नाही, तो निकाल कधीच लागलेला असतो.

पूजा रचणाऱ्यांना मेंदूचं विज्ञान ठाऊक होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पूजेतला संकल्प त्या दिवसाच्या, त्या वेळच्या पूजेपुरता असतो, वर्षभराच्या सवयीसाठी नाही. पण स्वतःला काळात आणि जागेत नीट उभं करून मग बोलायचं, ही रीत उचलण्याजोगी आहे.

मुळात नवं वर्षच कशाला हवं? मंगळवारी दुपारीही सुरुवात करता येते. येते, पण मन तशी करत नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लोक जास्त संख्येने जिमला जातात आणि गूगलवर डाएट जास्त शोधतात. पुढच्याच वर्षी त्यांनी एक गोड प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे येणाऱ्या २० मार्च या तारखेला काही जणांपुढे ‘मार्चचा तिसरा गुरुवार’ म्हटलं आणि काहींपुढे ‘वसंताचा पहिला दिवस’. तारीख एकच, पण आपल्या ध्येयाची आठवण त्या दिवशी करून द्या असं म्हणणारे दुसऱ्या गटात कितीतरी जास्त निघाले. दिवसाला नाव मिळालं की कालचा ‘मी’ आणि आजचा ‘मी’ यांच्यात एक उंबरठा तयार होतो. कालचं अपयश पलीकडे राहतं. चैत्र शुद्ध प्रतिपदा हा असाच उंबरठा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तो इंग्रजी तारखांवर मागे सरकत येतो (२०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च) आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. पण येतो तो पालवीतच.

उंबरठा ओलांडून जायचं कुठे, हे मात्र कॅलेंडर सांगत नाही. तिथे मूल्यांचा संबंध येतो. स्वीडनमध्ये एक हजाराहून अधिक लोकांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘अमुक बंद करीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के आपण यशस्वी झालो असं सांगत होते, तर ‘अमुक करू लागीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के. हे लोकांनी स्वतःबद्दल दिलेलं उत्तर आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचायचं. तरी मला ते पटतं. ‘नको’ला स्वतःचा चेहरा नसतो. ‘हवं’च्या मागे बहुधा कुणीतरी माणूस असतो, किंवा आपल्याला मोलाची वाटणारी एखादी गोष्ट असते.

एमिली फॉक आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास याच दिशेने जातो. दिवसभर बसून काम करणाऱ्या लोकांना ‘उठा, हालचाल करा’ असे सल्ले वाचायला दिले. त्याआधी काहींना आपल्याला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, घरची माणसं, श्रद्धा, मैत्री, याचा विचार करायला लावला होता. त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा, आतल्या बाजूचा भाग सल्ला वाचताना जास्त सक्रिय झाला. ‘हे माझ्याशी संबंधित आहे का आणि मला याचं मोल किती’ याचा हिशेब तिथे होतो असं मानतात. पुढच्या महिन्याभरात ही माणसं कमी बसली, हे अंगावरच्या यंत्रांनी नोंदवलं. उपदेश तोच. आधी मूल्याची आठवण झाली होती, म्हणून तो टोचला नाही, आत गेला.

आणि विधी? गुढी, ताम्हण, कडुलिंबाची चटणी, यांचं काय? चटणीपासूनच सांगते. कोवळा पाला, ओवा, हिंग, मिरी, गूळ, चिंच असं वाटून केलेली ती बोटभर चटणी वर्षभर रोगांपासून राखते, हा दर पाडव्याला फिरणारा मेसेज खरा नाही. एका घासाने तसं काही होत नाही. तिचं काम वेगळं आहे, आणि त्याचा एक सुंदर पुरावा थेट मराठी माणसांकडूनच आला आहे.

मॉरिशसमध्ये १९व्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आपली देवळं आणि पूजा जपून आहेत. मार्टिन लँग, यान क्राटकी आणि दिमित्रिस झिगालाटास हे संशोधक तिथे गेले. ७५ जणांना त्यांनी आधी भाषणाची तयारी करायला सांगून काळजीत टाकलं. मग काहींना गावच्या देवळात जाऊन नेहमीची पूजा करू दिली, बाकीच्यांना नुसतं शांत बसवलं. पूजा केलेल्यांनी काळजी कमी झाल्याचं सांगितलंच, शिवाय त्यांच्या हृदयानेही तीच साक्ष दिली. निवांत हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. श्वास घेताना ते जरा भरभर चालतं, सोडताना सावकाश. मन धास्तावलं की हा लवचीकपणा आटतो आणि ठोके ताठर, एकसारखे होतात. पूजेनंतर तो लवचीकपणा जास्त आढळला. देवळाची ओळखीची जागा, हातांची हालचाल, श्रद्धा, यांत कुणाचा वाटा किती, हे या एका प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण एक स्पष्टीकरण मला जवळचं वाटतं. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकत राहिला की अस्वस्थ होतो. विधीत पुढे काय येणार हे पाठ असतं. हळदीनंतर कुंकू, मग अक्षता, मग फूल. तेवढा वेळ तरी जग अंदाजाप्रमाणे चालतं.

अशा शांत झालेल्या मनाने ठरवलेलं आणि धास्तीत ठरवलेलं यांत फरक पडणारच.

आता राहिला काळ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर नोंदी ठेवल्या (२०१०). रोजची नवी गोष्ट आपसूक होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. आपल्या भाषेत याला ‘अंगवळणी पडणं’ म्हणतात, आणि माझ्या मते त्यात सवयीचं सगळं शास्त्र आहे, कारण वळण पडतं ते अंगाला. पाडव्याला धरलेली गोष्ट अंगवळणी पडायला चैत्र-वैशाख सरून ज्येष्ठ लागतो.

मागच्या पाडव्याला मी वहीत आधी एकच शब्द लिहिला, ‘आई’. ती आता फार चालत नाही आणि तिला बोलायला माणूस लागतं. त्याखाली लिहिलं: रात्री ओटा पुसून झाला की फोन स्वयंपाकघरातच ठेवून तिच्या पलंगाशी अर्धा तास बसायचं. मग ताम्हणात पाणी सोडलं. वैशाखात भाचीच्या लग्नासाठी गावी गेले आणि पाच रात्री बुडाल्या. लॅलींच्या नोंदींत एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडण फारशी बिघडत नव्हती. माझे तर पाच गेले होते. परत आले त्या रात्री ओटा पुसून वळले, तर आईने पलंगाशेजारची खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.