मागचं इंजिन वेगळं, स्विंग अ‍ॅक्सल वेगळा

फोक्सवॅगन बीटल सगळ्यांना माहीत आहे. मागे इंजिन, रेडिएटर नाही, पंख्याची हवा सिलिंडर थंड ठेवते, सामान पुढे. मात्र मागचं इंजिन आणि हवेने थंड होणारं (एअर-कूल्ड) इंजिन या दोन गोष्टी एकत्रच येतात असं नाही: सिट्रोएन टू-सीव्हीचं एअर-कूल्ड इंजिन पुढे होतं, आणि हिलमन इम्पचं मागे असूनही पाण्याने थंड व्हायचं.

खरा घोळ पुढेच आहे. शेवरले कॉर्व्हेअर या मागे एअर-कूल्ड इंजिन असलेल्या अमेरिकन गाडीचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, “मागे इंजिन होतं, म्हणून उलटायची.”

इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलं की शेपूट जड होतं, हे खरं. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर भार पुढे सरकतो आणि मागची बाजू बाहेर जायला बघते. पण पकड अचानक तुटते ती बहुतेकदा स्विंग अ‍ॅक्सलमुळे. त्यात प्रत्येक बाजूचं चाक फिरवणाऱ्या दांड्याला सांधा फक्त आत, डिफरन्शियलपाशी (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यापाशी) असतो, चाकापाशी नसतो. त्यामुळे दांडा कलला की चाकही कलतं. जोरात वळताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि टायर कडेवर येतो. सावरायला वेळच उरत नाही. सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायरचं इंजिन पुढे होतं, तेही पाण्याने थंड होणारं, तरी तिचं मागचं चाक असंच दुमडायचं. कारण अ‍ॅक्सल तोच.

1960 ते 1963 च्या कॉर्व्हेअरमध्ये साधा स्विंग अ‍ॅक्सल होता आणि मूळ गाडीत पुढे अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारी दांडी) नव्हता. कंपनीची सगळी भिस्त टायरच्या हवेवर: पुढे 15 पीएसआय, मागे 26. चारही टायरांत सारखी हवा भरली की तो तोल गेला. 1964 मध्ये पुढे बार आणि मागे आडवी पाटा-स्प्रिंग आली. 1965 मध्ये स्विंग अ‍ॅक्सल गेला, दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे आले. इंजिन मात्र तिथेच, मागे आणि एअर-कूल्ड.

ग्राहकांच्या सुरक्षेसाठी लढणारे अमेरिकन वकील राल्फ नेडर यांची कॉर्व्हेअरवरची टीका 1965 च्या अखेरीस आली, आणि तिचा रोख जुन्या गाड्यांवर होता. तरी लोक 1965 नंतरच्या गाडीलाही तोच शिक्का मारतात, याचा मला राग येतो. माझ्या मते ती त्या काळच्या सर्वात देखण्या आणि नीट वळणाऱ्या अमेरिकन गाड्यांपैकी एक आहे. पोर्शे 911 ने तर स्विंग अ‍ॅक्सल कधी वापरलाच नाही, आणि मागचं एअर-कूल्ड इंजिन 1998 पर्यंत चालवलं.