लिनक्स फायरवॉल : क्लायंट–सर्व्हर जोडणीस परवानगी

लिनक्स यंत्राच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) पॅकेटांची, म्हणजे जाळ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, नियमांनुसार छाननी होत असताना क्लायंटने (सेवा मागणाऱ्या संगणकाने) मागितलेली जोडणी सर्व्हरपर्यंत (सेवा देणाऱ्या संगणकापर्यंत) पोहोचू देण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘पोर्ट उघडणे’ म्हणतात; पोर्ट म्हणजे यंत्रावरील एखाद्या सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा.

पॅकेट-छाननीचा उगम साधारणपणे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला, असे मानले जाते. लिनक्समध्ये ती १९९४ च्या सुमारास ॲलन कॉक्स यांनी बीएसडी या युनिक्स-वंशातील प्रणालीच्या आयपीएफडब्ल्यू या छाननी-साधनाच्या आधारे आणली. तिच्यासाठी पुढे आयपीएफडब्ल्यूएडीएम हे साधन आले आणि कर्नल २.२ बरोबर (१९९९) आयपीचेन्स आले. आजच्या पद्धतीचा आरंभ १९९४ पासून धरावा की नेटफिल्टर या कर्नलमधील नंतरच्या छाननी-चौकटीपासून, हे नुसत्या छाननीला फायरवॉल म्हणावे की नाही यावर अवलंबून आहे. रस्टी रसेल यांनी १९९८ मध्ये हाती घेतलेले आणि कर्नल २.४ मधून २००१ च्या जानेवारीत प्रसृत झालेले नेटफिल्टर हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण जोडणीची स्थिती ध्यानात ठेवणारी ‘कनेक्शन ट्रॅकिंग’ ही सोय कर्नलच्या मुख्य आवृत्तीत त्याच्यासोबत आली. नियम लिहिण्याचे एनएफटेबल्स हे नवे साधन कर्नल ३.१३ पासूनचे (२०१४).

कनेक्शन ट्रॅकिंगचे महत्त्व परतीच्या वाटेत आहे. सर्व्हर ठरलेल्या पोर्टवर वाट पाहतो, पण क्लायंट प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरता पोर्ट घेतो आणि लिनक्समध्ये तो मुळात ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून निवडला जातो. स्थितीची नोंद नसताना उत्तरे आत येण्यासाठी वरच्या पोर्टांचा मोठा पट्टा मोकळा ठेवावा लागे आणि टीसीपी या जोडणीच्या प्रोटोकॉलच्या (संपर्काच्या ठरलेल्या रीतीच्या) पॅकेटांवरील निशाण्या पाहून नवी मागणी तेवढी अडवावी लागे. आता पहिल्या पॅकेटाला परवानगी दिली, की त्याच जोडणीतील पुढची पॅकेटे ‘एस्टॅब्लिश्ड’ (प्रस्थापित) ठरून एका सामान्य नियमाने दोन्ही दिशांना जातात. फायली पाठवण्याच्या एफटीपीसारख्या, माहितीसाठी दुसरी जोडणी काढणाऱ्या जुन्या प्रोटोकॉलला मात्र वेगळे साहाय्यक मॉड्यूल लागते.

खानदेशातील कापसाच्या जिनिंग कारखान्याचे उदाहरण घेता येईल. भुईकाट्यावरील संगणक ट्रॉलीचे वजन कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसकडे, पोर्ट ५४३२ वर, पाठवतो. अशा वेळी नियमात काट्याच्या संगणकाचा पत्ता किंवा फार तर १९२.१६८.१.०/२४ हे अंतर्गत जाळे, तसेच प्रोटोकॉल आणि पोर्ट एवढेच असावे. सगळ्या जगाला तोच पोर्ट मोकळा करणे किंवा ‘तपासून बघू’ म्हणून फायरवॉलच बंद ठेवणे हे आळसाचे काम होय. नियम वरून खाली तपासले जात असल्याने सर्वसाधारण नकाराच्या खाली लिहिलेली परवानगी निरुपयोगी ठरते. फायरवॉलडी या नियम सांभाळणाऱ्या सेवेत नियम कायम न करता केवळ चालू स्थितीत घातला, तर वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तो नाहीसा होतो आणि ऐन हंगामात काट्याची पावती निघत नाही.

नियम बरोबर असूनही जोडणी न झाल्यास दोष अनेकदा फायरवॉलबाहेर असतो. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरील पत्त्यावर ऐकतो, म्हणजे जोडणीची वाट पाहतो. त्याची ऐकण्याची मर्यादा वाढवून शिवाय त्याच्या स्वतःच्या प्रवेश-यादीत क्लायंटचा पत्ता घालावा लागतो. क्लायंटवरील संदेश येथे उपयोगी पडतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ तत्काळ आले, तर पॅकेट पोहोचले, पण बहुधा तेथे कोणी ऐकत नव्हते. बराच वेळ काही न होता ‘टाइम्ड आउट’ आले, तर पॅकेट वाटेत मुकाट्याने टाकले गेल्याची शक्यता अधिक. फायरवॉलडी नकार कळवतो तेव्हा ‘नो रूट टू होस्ट’ (यंत्राकडे वाट नाही) असाही संदेश दिसू शकतो आणि तो वाचून तंत्रज्ञ विनाकारण केबल तपासत बसतो.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात हीच कामे यूएफडब्ल्यू या साधनाने होतात. डॉकरने (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाने) बाहेर मांडलेले पोर्ट मात्र यूएफडब्ल्यूच्या नेहमीच्या नियमांना वळसा घालून जातात.